निवडीच्या आधीचा फ्लेक्स

"आई, ती मी आहे का गं?"

साडेसहाची सातारा गाडी फलटणच्या स्टँडातून बाहेर पडून चौकात वळत होती. विशू खिडकीला नाक लावून बसली होती. मी मांडीवर डबा धरून, चपात्यांचं तेल साडीला लागतंय का ते बघत होते. तिच्या बोटाच्या रोखानं मान वर केली आणि मांडीवरचा डबा घसरता घसरता धरला.

दोन खांबांच्या मधे दहा फुटी फ्लेक्स, आणि त्यावर माझी पोरगी. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो एवढा मोठा केलेला की नाकावरचा तीळ लिंबाएवढा दिसत होता. मुंडक्याखाली धड दुसऱ्याच कुणाचं तरी, आणि हातात बॅट. तीही क्रिकेटची. वर लाल अक्षरांत, 'महाराष्ट्राची रणरागिणी कु. वृषाली भोईटे हिची राज्यस्तरीय बेसबॉल स्पर्धेसाठी जिल्हा संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्याखाली 'भावी फौजदार'. आणि तळाला शुभेच्छुक म्हणून काळे चष्मे लावलेले नऊ पुरुष. दहावे अगदी कोपऱ्यात आमचे हे, लग्नातल्या फोटोतले, मुंडावळ्या अर्ध्या कापलेल्या.

निवड चाचणी त्याच दिवशी होती. साताऱ्यात, सकाळी दहाला. आम्ही तिकडंच निघालो होतो.

"माझी निवड झाली पण?" विशूनं विचारलं.

"होणारच आहे. तू चपाती खा."

तिनं परत खिडकीला नाक लावलं. चपाती काही खाल्ली नाही.

ही दोन हजार नऊची गोष्ट. विशू तेव्हा आठवीत होती. मी ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची, अजूनही करते. आणि माझा आवाज तीन गल्ल्या पलीकडं जातो, हे तुम्हाला आमच्या भागात कुणीही सांगेल. भाजीवाला आमच्या दारापुढून जाताना ओरडतच नाही. म्हणतो, उज्ज्वला वहिनी बोलल्या की लोकांना कळतंच मी आलोय ते.

बेसबॉल आमच्या गावात आणला शिंगटे सरांनी. शाळेत खेळाचे शिक्षक. कुठून तरी चार पातळ बॅटा आणि हातात घालायचे फाटके कातडी पंजे घेऊन आले आणि पोरींना म्हणाले, चला, नवा खेळ शिकू. बाकीच्या बायांनी नाकं मुरडली. मी मात्र रात्रभर हिशेब केला. क्रिकेटला जिल्ह्यात पाचशे पोरी. कबड्डीला हजार. बेसबॉलला किती? साठ. त्यातल्या सोळा घेणार. म्हणजे निम्मं काम झालंच की! तिथून राज्य, तिथून देश, मग खेळाडूंच्या कोट्यातून फौजदार. विशूच्या खाकी ब्लाउजाचं, आपलं, शर्टाचं माप मी मनातल्या मनात घेऊन ठेवलं होतं.

पोरीला काय हवंय ते विचारलं का? नाही हो. तेवढं कशाला विचारायचं, असं तेव्हा मला वाटायचं. तिला खेळायला आवडतं हे दिसत होतं, बास.

प्रत्येक मॅचला मी चुन्याच्या रेघेला चिकटून उभी. नियम एक येत नव्हता, पण ओरडायला नियम कशाला लागतात? "पळ! मार! फेक! अगं बघतीस काय, पळ!" तालुक्याच्या मॅचला विशू दुसऱ्या बेसवर, म्हणजे पळताना लागणाऱ्या मधल्या थांब्यावर, उभी होती, आमच्या पोरीनं बॉल उंच मारला, मी किंचाळले, "पळऽऽ!" आणि विशू सुटली की सुसाट. बॉल हवेत असताना बेस सोडून पळायचं नसतं हे मला काय माहीत? झेल घेतला त्यांनी, एक पोरगी आउट झाली, आणि तोच बॉल विशूच्या बेसवर फेकून हिलाही आउट केलं. एका हाकेत दोन. शिंगटे सर डोक्याला हात लावून खाली बसले. मी घरी येताना विशूला म्हटलं, "कुणाचं ऐकायचं ते तुझं तुला कळायला नको?"

बिचारी म्हणाली, "चुकलं आई."

आता फ्लेक्सचं. तेव्हा विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या. आमच्या शेजारचा बंडू नाळे, त्याचं फ्लेक्सचं दुकान. मी त्याला म्हटलं, विशूची निवड झाली की मोठा फ्लेक्स लावायचा. तो म्हणाला, "वहिनी, पुढच्या आठवड्यात निवडणुकीचं काम सुरू झालं की मशीन पंधरा दिवस रिकामं नाही. काढायचा तर आत्ताच काढून ठेवा."

"ठेव काढून," मी म्हटलं. "घडी घालून ठेव. मी फोन केला की लाव."

आता बंडूचा जन्म गेला फ्लेक्स बांधण्यात. काढलेला फ्लेक्स घडी घालून ठेवायचा, हे त्याच्या डोक्यात शिरणार कसं? चौकात जागा रिकामी दिसली, आणि कुणी उमेदवार बसायच्या आत पहाटे जाऊन बांधून मोकळा. वर मला सांगितलंही नाही. त्याला वाटलं, मी खूश होईन.

गाडीत मी त्याला फोन लावत होते. वाठारच्या घाटात रेंज नाही. विशू खिडकीबाहेर बघत होती. मधेच म्हणाली, "आई, बॅट क्रिकेटची आहे."

"असू दे. लांबनं कळत नाही."

"पूर्ण वर्ग बघेल."

"बघू दे की! बघायलाच लावलाय." मी उसनं हसून तिच्या पाठीवर थाप मारली. "आज असं खेळायचं, की तो फ्लेक्स खरा झाला पाहिजे. काय?"

"हो," ती म्हणाली. एवढंसं. मला तो 'हो' अजून ऐकू येतो.

साताऱ्याच्या मैदानावर साठ पोरी आणि शंभरावर आईबाप. बहुतेक बाप हात मागं बांधून फिरत होते, स्वतः जन्मभर बेसबॉलच खेळल्यासारखे. आयांनी चटया टाकल्या होत्या. मी रेघेला माझी जागा धरली. शेजारी वाईच्या मुळीकबाई. त्यांची तेजल पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. उंच, लांब हातांची पोरगी, बॉल असा टाकायची की वारा कापल्याचा आवाज यायचा. मुळीकबाई माझ्यापेक्षा वरचढ. त्यांनी एक शिट्टी आणली होती.

पोरी आधी नुसत्या झेलाझेली करत होत्या. विशूकडं पहिला बॉल आला तशी मी ओरडले, "विशे, हात पुढं!" बॉल तिच्या पंजाला लागून खाली. दुसरा आला. "डोळे उघडे ठेव!" खाली. तिसऱ्याला मुळीकबाईंनी शिट्टी मारली, आपल्या पोरीसाठी, पण दचकली आमची. तो तर तिच्या गुडघ्यावर आदळला.

"अशानं कसं व्हायचं गं!" मी म्हटलं. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या एका गृहस्थानं वळून बघितलं.

तेवढ्यात शिंगटे सर शिट्टीवाल्या बाईंकडं आणि माझ्याकडं चालत आले. पन्नाशीचा माणूस, टोपी मागं सरकवलेली, कधी आवाज न चढवणारा. म्हणाले, "निवड समितीची गाडी पुण्याकडं अडकलीय. अर्धा-पाऊण तास आहे. तोवर पालकांनी मैदानात यायचं."

"कशाला?" मुळीकबाई म्हणाल्या.

"बॅटिंगला. प्रत्येकाला तीन बॉल. तेजल टाकेल." माझ्याकडं बघून हसले. "ताई, तुम्ही पहिल्या."

सगळीकडं हशा आणि टाळ्या. मी काय मागं हटतेय? पदर खोचला, चप्पल काढली. कुणीतरी डोक्यावर हेल्मेट घातलं ते अंबाड्यावर अडकून बसलं, पुढून नाकापर्यंत आलं. हातात बॅट दिली. मेली वजनाला काठीसारखी हलकी असेल असं वाटलं होतं, पण चांगली जड होती. माझ्या मागं कॅचर म्हणून सरांनी विशूला बसवलं, छातीला आणि तोंडाला जाळी लावून.

"आई, पाय लांब ठेव," ती मागनं कुजबुजली.

"मला नको शिकवू. दोन वर्षं बघतीये मी."

तेजलनं हात फिरवला. मला फक्त एवढं कळलं की काहीतरी पांढरं आलं आणि मागं विशूच्या पंजात 'थाड्' वाजलं. मी डोळे मिटले होते.

"एक!" सर म्हणाले.

आणि मग जी सुरुवात झाली! शंभर माणसं, शंभर सल्ले. "वहिनी, खांदा खाली!" "ताई, लवकर मारा!" "अहो, लवकर नाही, थांबून मारा!" "घरात लाटणं धरता तसं धरा!" त्यातच मुळीकबाईंची शिट्टी. मी त्या शिट्टीकडं वळून म्हटलं, "ओ बाई, जरा दम धरा की!" आणि ते म्हणेपर्यंत दुसरा बॉल गेलासुद्धा.

"दोन!"

आता मला घाम फुटला. काय मोठं होतं त्यात? ना मला संघात जायचं होतं, ना कुणी मला फौजदार करणार होतं. पण सगळी माझ्याकडं बघतायत, आणि मला जमत नाहीये, या एका गोष्टीनं माझी जीभ कोरडी पडली. लोकांच्या तोंडाकडं बघत होते मी. हे हसतायत का? ते काय म्हणतायत?

मागनं जाळीतून विशूचा आवाज आला. एकदम शांत. "आई, बॉलकडं बघ. लोकांकडं नको. त्यांच्या ओरडण्यानं काही होत नाही."

मी बॉलकडं बघायचं ठरवलं. तेजलनं हात वर केला. त्याच क्षणी कुणीतरी ओरडलं, "मारा ऽऽ!" आणि मी बॉल निघायच्या आधीच बॅट फिरवली, स्वतःभोवती गिरकी घेतली, आणि धपकन खाली बसले.

मैदान हसून लोळत होतं. विशूपण हसत होती. मीही हसले, काय करणार? हेल्मेट निघेना, दोघींनी मिळून ओढून काढलं, अंबाडा सुटला. मुळीकबाईंचा नंबर आला तेव्हा त्यांची शिट्टी मी वाजवली, आणि त्यांचेही तिन्ही बॉल गेले. एक वकील तर बॅट सोडून पळाले. पाऊण तास माणसं नुसती हसत होती.

सर माझ्याजवळ पाण्याची बाटली घेऊन आले. "काय झालं ताई?"

"काय होणार? एवढी माणसं बोंबलत होती, लक्षच लागेना!"

सर गालात हसले. टोपी काढली, परत घातली. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला रागच आला.

"टोमणा मारताय मला?"

"नाही ताई. एक सांगू? तुमची पोरगी प्रत्येक बॉलच्या आधी एकदा तुमच्याकडं बघते. प्रत्येक बॉलच्या आधी. दोन वर्षं मी मोजतोय. ती तुमच्याकडनं नजर काढून बॉलकडं आणेपर्यंत बॉल येऊन गेलेला असतो."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"ते माहितीये मला."

तरी तोंड कुठं गप्प बसतंय? विचारलंच, "आज होईल ना हो तिची निवड?"

सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "नाही व्हायची. सोळात नाही बसत ती. खेळते मनापासून, पण तिच्याहून बऱ्या वीस-पंचवीस पोरी आहेत इथं. मी हे मागंही सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

"मग सर... फ्लेक्सचं काय?"

"कसला फ्लेक्स?"

मी सांगितला. सर आधी माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांनी पाठ फिरवली. खांदे हलत होते. हसताना दिसू नये म्हणून बिचारे सीमारेषेपर्यंत चालत गेले.

समितीची गाडी आली. पोरी रांगेत उभ्या राहिल्या. मी विशूला बाजूला बोलावलं.

"मी बाहेर जाऊन बसते," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "रागावलीस? बॉल सोडले म्हणून?"

"नाही गं बाई. माझा अंबाडा सुटलाय, सगळ्यांत शोभा झालीय. मी बाहेर बसते. तू खेळ."

"पण मग बघणार कोण?"

"कुणी नाही. तू बॉल बघ."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी डबा उचलला आणि मागं न वळता फाटकाबाहेर गेले. मागं न वळता, हे लिहायला सोपं आहे. माझी मान दुखायला लागली होती.

मैदानाला पुरुषभर उंचीची भिंत होती. बाहेर एक मावशी कणसं भाजत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. आतून कसले कसले आवाज येत होते. नावं पुकारतायत, टाळ्या, शिट्ट्या. बॅटला बॉल लागला की 'टण्ण' असं वाजायचं. नाही लागला की मागं पंजात 'थाड्'. मला नुसतं 'टण्ण' आणि 'थाड्' ऐकून पोरगी ओळखायची होती, कसं ओळखणार?

तेवढ्यात यांचा फोन. आमचे हे दूध संघात कामाला, तोंडातून शब्द मोजून काढणारे. त्या दिवशी मात्र धडाधड बोलले. "अगं, काय केलंस तू? चौकात माझा नवरदेवाचा फोटो! सायबांनी पेढे मागितले. गल्लीतले अण्णा हार घेऊन येतायत. निवड झाली कधी? तुम्ही तर सकाळी गेलाय!"

"झाली नाही अजून. बंडूनं घोळ घातला."

"मग आता?"

"आता काय, बघू."

"अगं बघू काय? माणसं संध्याकाळी स्टँडवर यायची म्हणतायत."

"येऊ द्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

"वृषाली भोईटे!" आतून पुकारा झाला.

मी ताडकन उठले. भिंतीला लागून विटांची एक चवड होती, लोक त्यावर चढून फुकट मॅच बघत असणार. मी पहिल्या विटेवर पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. भिंतीच्या कडेला हात पोचला. नुसतं डोकं वर काढायचं होतं. कोण बघतंय? एवढ्या माणसांत तिला माझं डोकं दिसलंही नसतं.

'थाड्.'

पहिला गेला. माझ्या तोंडात हाक आलेली, खांदा वर घे. ओठ दाबून धरले.

पण तिला दिसलं असतं हो. दोन वर्षं ती माझं डोकंच शोधत आली होती. मी भिंतीची कड सोडली. एक पाय खाली. दुसरा पाय खाली.

"बघा की ताई," कणसंवाल्या मावशी म्हणाल्या. "त्याच्यासाठीच ठिवल्यात इटा."

"नको."

"पोरगी हाय का तुमची?"

"हो."

"मग?"

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि पोत्यावर येऊन बसले. मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही ऊनच लागलंय हिला. एक कणीस पुढं केलं.

'थाड्.' दुसरा.

मग थोडा वेळ काहीच नाही. मी कणीस हातात धरून बसलेली, दाणा तोंडात घालायचं सुचेना.

'टण्णऽऽ!'

असा आवाज सकाळपासून आला नव्हता. स्वच्छ, खणखणीत. आणि मग पोरींचा कल्ला. कल्ल्यात कुठंतरी शिंगटे सरांचा आवाज, जो माणूस कधी ओरडत नाही त्याचा, "पळ, पळ, पळ!" मी उठले नाही. माझे दोन्ही हात मी मांडीखाली दाबून धरले होते, आणि कणीस पडलं होतं मातीत.

दीडच्या सुमाराला पोरी बाहेर यायला लागल्या. काही नाचत, काही रडत. विशू धावत आली, केस विस्कटलेले, गुडघे लाल मातीनं भरलेले. यादी वाचून झाली होती, हे मला तिच्या मागं आलेल्या मुळीकबाईंच्या गर्वानं फुगलेल्या चेहऱ्यावरून कळलं.

"आई, लागलाऽऽ!"

"निवड?"

"नाही झाली. पण आई, लागला ना!" ती माझ्या हाताला धरून हलवत होती. "तेजलचा! तिचा कुणाला लागत नव्हता! थेट भिंतीपर्यंत गेला. मी तिसऱ्या बेसवर पोचले. बघितलास?"

"नाही."

"भिंतीवरून पण नाही?"

"नाही गं."

ती थांबली. मला वाटलं, आता हिचं तोंड पडणार. आयुष्यातला पहिला असा फटका, आणि आई कणसाच्या गाडीशी बसलेली. पण तिचे डोळे मोठे झाले आणि ती एकदम हसायलाच लागली. "मग तुला सगळं सांगावं लागेल," म्हणाली, आणि त्या पोत्यावरच बसून सांगायला सुरुवात केली. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी मावशींकडनं आणखी दोन कणसं घेतली.

परतीच्या गाडीत तिनं तेच पुन्हा सांगितलं, पहिला बॉल, दुसरा बॉल, तिसऱ्याच्या आधी हाताला आलेला घाम, बॉलची शिवण कशी दिसली. मी नुसती "मग? पुढं?" करत होते. माझ्या लक्षात आलं, की बेसबॉलबद्दल मी हिच्याशी दोन वर्षं बोलतेय, पण ही माझ्याशी पहिल्यांदाच बोलतेय. सकाळी उरलेल्या चपात्यांचाही तिनं फडशा पाडला.

फलटण जवळ आलं तसा मला फ्लेक्स आठवला. मी म्हटलं, "अलीकडच्या थांब्यावर उतरू. मागच्या गल्लीनं जाऊ."

"का?"

"अगं, माणसं हार घेऊन उभी असतील."

"मग उभी असू दे," विशू म्हणाली. "आपण काय चोरी केली?"

तेरा वर्षांची पोर, पण तेव्हा तिनं मला आउट केलं.

स्टँडवर पंधरा-वीस माणसं होती. पुढं आमचे हे, कसंनुसं तोंड करून, एका हातात नारळ, दुसऱ्यात छत्री. अण्णा हार घेऊन. बंडू नाळे गळ्यात कॅमेरा अडकवून. मागं गल्लीतले चिंगूकाका. गाडीतून उतरल्या उतरल्या मी पदर नीट केला आणि माझा तीन गल्ल्यांचा आवाज काढला. "ऐका हो! निवड झाली नाही. फ्लेक्स मी आधीच छापून ठेवला होता, चूक माझी. पोरीची नाही."

यांनी नारळ पाठीमागं लपवला.

बंडू पुढं झाला. "वहिनी, मग 'निवड झाल्याबद्दल'वर पट्टी मारू का? 'प्रयत्न केल्याबद्दल'. आत्ता मारून देतो. निवडणुकीत आम्ही पक्षसुद्धा बदलून देतो."

"तू तो फ्लेक्स उतरव बंडू, नाहीतर मी तुला खांबाला बांधीन."

माणसं हसली. ताण सुटला. अण्णांना हाराचं काय करावं कळेना, म्हणून त्यांनी तो विशूच्या गळ्यात घालून टाकला. म्हणाले, "आणलाय तर घाल. पण तिथं झालं काय नक्की? सांग की उज्ज्वला."

सगळ्यांनी माझ्याकडं तोंडं वळवली. सवयच होती ती. प्रत्येक मॅचनंतर मीच सांगायची, हातवारे करून, आणि विशू मागं बूट काढत बसायची. मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मी नव्हते तिथं. तिला विचारा."

विशूनं माझ्याकडं बघितलं, एकदाच. मग पाठीवरची सॅक खाली टाकली, आपल्या बापाच्या हातातली छत्री ओढून घेतली, पाय फाकवून उभी राहिली आणि ओरडली, "सगळ्यांनी मागं सरका! चिंगूकाका, तुम्ही तेजल!"

स्टँडवरच्या तीन गाड्यांतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागली. स्टँडचे कंट्रोलरसाहेब खिडकी सोडून बाहेर आले. आणि मी यांच्याकडनं घेतलेला नारळ धरून मागं उभी होते, यांच्या शेजारी, पहिल्यांदाच एवढा वेळ गप्प. हे हळूच म्हणाले, "अगं, हिचा आवाज तर तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"हो ना," मी म्हटलं. "मला कुठं माहीत होतं?"